कंपाईल झाल्यावर उरणारा पसारा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. संगणकावर एखादें सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संहितेपासून स्वतः तयार केलें, म्हणजे ज्यास सर्वत्र 'कंपाईल करणें' म्हणतात तें केलें, कीं पाठीमागें फायलींचा जो पसारा उरतो त्याची विल्हेवाट कशी लावावी, हा तो विषय. विषय यंत्रविद्येचा आणि बोलणारा सिल्लोडचा एक मॅट्रिक झालेला निवृत्त शाळामास्तर! परंतु वस्तूंची मोजदाद ठेवणें, त्यांची नोंद करणें आणि निरुपयोगी झालेल्या वस्तु रीतसर मोडींत काढणें हीं कामें मास्तराच्या पांचवीस पुजलेलीं असतात. आणि या विषयाचें मर्म बहुतांशीं तेवढ्यांतच आहे असें माझें मत झालें आहे.

प्रथम वस्तुस्थिति समजून घेऊं. आपण वापरतों त्यांपैकीं बहुतेक सॉफ्टवेअर तयार स्थितींतच आपल्या हातीं येतें. परंतु ज्यास मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात त्याची मूळ संहिता, म्हणजे मनुष्यानें लिहिलेला व मनुष्यास वाचतां येणारा मजकूर, कोणासहि मिळूं शकते. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ च्या सप्टेंबरांत 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हांपासून या परंपरेस नियमांची शिस्त लागत गेली. ही संहिता यंत्रास जशीच्या तशी समजत नाहीं. कंपाईलर नांवाची आज्ञावली तिचें यंत्रभाषेंत रूपांतर करते. तें करतांना संहितेच्या एकेका फाईलमागें एकेक मधली फाईल निर्माण होते. तिच्या नांवाच्या शेवटीं टिंब आणि 'ओ' हें अक्षर असतें. 'ऑब्जेक्ट' या शब्दाचें तें आद्याक्षर होय. मग या सर्व मधल्या फायली एकत्र सांधून चालूं शकणारी आज्ञावली सिद्ध होते. सिद्ध झालेली आज्ञावली लहानशी आणि तिच्यामागचा ढीग तिच्या अनेक पट, हा प्रकार नित्याचा आहे. लिनक्सचा गाभा घरीं कंपाईल करूं पाहणारास कित्येक गिगाबाइट जागा मोकळी ठेवावी लागते. खेड्यांतील शाळेच्या वांट्यास आलेल्या जुन्या संगणकावर एवढी जागा असतेच असें नाहीं, आणि म्हणून हा प्रश्न तेथें अधिक जाचतो.

तथापि हा ढीग म्हणजे निव्वळ कचरा, अशा समजुतीनें तो तत्काळ फेंकून देण्याची घाई करूं नये. कोल्हापुराकडील गुऱ्हाळ ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, ऊंस चरकांतून निघाल्यावर जें चिपाड उरतें तें वाळवून काहिलीखालीं जाळतात. मागच्या उंसाच्या चिपाडावर पुढच्या उंसाचा गूळ शिजतो. ऑब्जेक्ट फायलींचेंहि असेंच आहे. शंभर फायलींपैकीं एकींत दुरुस्ती केली, तर उरलेल्या नव्याण्णवांच्या मधल्या फायली जशाच्या तशा उपयोगीं पडतात व काम घटकेभरांत उरकतें. त्या आधींच पुसून टाकल्या असतील तर सगळें काम पहिल्यापासून करावें लागतें. आणि जुन्या संगणकावर तें रात्रभरहि चालतें.

पण चिपाड ओलें राहिलें तर धूर होतो, तशी शिळी ऑब्जेक्ट फाईलहि त्रास देते. याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७६ च्या सुमारास स्टुअर्ट फेल्डमन नांवाचे गृहस्थ काम करीत होते. त्यांच्या खोलींत एके दिवशीं त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन दैवाला दोष देत शिरले. जॉन्सन हे 'याक' या प्रसिद्ध आज्ञावलीचे कर्ते, म्हणजे कोणी नवशिके नव्हेत. एका आज्ञावलींतील दोष हुडकण्यांत त्यांची सारी सकाळ फुकट गेली होती, आणि दोष तर त्यांनीं आधींच दुरुस्त केलेला होता! झालें होतें तें इतकेंच कीं, संहितेंत दुरुस्ती झाली, परंतु ती फाईल पुन्हां कंपाईल करावयाची राहिली. त्यामुळें जुनी ऑब्जेक्ट फाईल जागच्या जागीं राहून तीच नव्या कामांत सांधली गेली. फेल्डमन यांचीहि आदली संध्याकाळ अशाच एका भानगडींत गेली होती. त्यांनीं त्याच आठवड्याच्या अखेरीस बसून एक साधन रचलें. त्याचें नांव 'मेक'. आज जवळजवळ पन्नास वर्षें झालीं, तरी हें साधन जगभर वापरांत आहे. आणि त्याबद्दल २००३ सालीं फेल्डमन यांस असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी या संस्थेचें पारितोषिक मिळालें.

मेकची युक्ति अगदीं साधी आहे. 'मेकफाईल' नांवाच्या एका फाईलींत कोणती वस्तु कशापासून बनते हें लिहून ठेवावयाचें. मेक दोन्हींच्या वेळा पाहतें. मूळ फाईल नंतरची आणि मधली फाईल आधींची असेल तर पुन्हां कंपाईल. नाहींतर आहे तेंच ठेवावयाचें. या युक्तींत एक कच्चा दुवा आहे व तो आमच्याकडच्या शाळांतून वरचेवर अनुभवास येतो. जुन्या संगणकाच्या आंतील लहान गोल बॅटरी मेली, कीं त्याचें घड्याळ प्रत्येक वेळीं कित्येक वर्षें मागें जातें. मग आज दुरुस्त केलेल्या फाईलवर जुन्या सालची तारीख पडते, मेकला ती ऑब्जेक्ट फाईलच्या आधींची वाटते, आणि दुरुस्ती केली तरी परिणाम शून्य! अशा वेळीं पसारा साफ करून पहिल्यापासून कंपाईल करणें हाच उपाय. आणि बॅटरी बदलणें हा त्याहून चांगला.

साफ करण्याची आज्ञा म्हणजे 'मेक क्लीन'. ही आज्ञा कोणी आकाशांतून आणीत नाहीं. काय पुसावयाचें हें सॉफ्टवेअर रचणारानेंच मेकफाईलींत लिहिलेलें असतें. ग्नू प्रकल्पानें याविषयीं जे नियम घालून दिले आहेत त्यांत सफाईच्या पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्या वाचतांना मला एखाद्या सुगृहिणीच्या भांडारघराची आठवण होते. 'क्लीन' म्हटलें म्हणजे कंपाईल करतांना झालेल्या फायली जातात, परंतु या संगणकास अनुरूप म्हणून आरंभीं जी जुळणी करून घेतली तिच्या नोंदी राहतात. 'डिस्टक्लीन' म्हटलें म्हणजे त्या नोंदीहि जातात व संहिता जशी आपल्या हातीं आली होती तशीच उरते. 'मोस्टलीक्लीन' ही यांहून सौम्य. जी वस्तु पुन्हां करावयास फार वेळ लागतो व क्वचितच करावी लागते, ती तिच्यांत वगळलेली असूं शकते. सर्वांत कडक ती 'मेंटेनर-क्लीन'. हिच्या योगें अशाहि फायली जातात कीं ज्या पुन्हां उत्पन्न करावयास विशेष साधनें लागतील. म्हणून ही आज्ञा केवळ सॉफ्टवेअर सांभाळणारांसाठीं आहे असा इशारा प्रथम छापला जावा, असा नियमच आहे. ज्याच्यापाशीं तीं साधनें नाहींत त्यानें या आज्ञेच्या वाटेस जाऊं नये.

या चारहि पायऱ्यांमागें एकच कसोटी आहे. जी वस्तु दुसऱ्या एखाद्या वस्तूपासून पुन्हां बनवितां येते ती पुसण्यास हरकत नाहीं. जी कोणा मनुष्यानें स्वतः लिहिली वा रेखाटली ती पुसावयाची नाहीं. ऐकावयास हें किती सोपें! परंतु एकाच फोल्डरांत दोन्ही प्रकारच्या फायली मिसळल्या म्हणजे भल्याभल्यांची दृष्टि चुकते.

आतांपर्यंत बोललों तो पसारा एका फोल्डरांतला, म्हणजे अंगणांतला झाला. खरी अडचण पुढें आहे. कंपाईल झाल्यावर 'मेक इन्स्टॉल' अशी आज्ञा दिली जाते, आणि ती संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याच्या हक्कानें दिली जाते. तत्क्षणीं तयार आज्ञावली एका कप्प्यांत, तिचीं चित्रें दुसऱ्यांत, मदतीचीं पानें तिसऱ्यांत, सामायिक ग्रंथालयें चौथ्यांत, अशा शेंकडों फायली संगणकभर जाऊन बसतात. रिवाजानें त्या 'यूएसआर' मधील 'लोकल' या कप्प्याखालीं जातात, एवढेंच काय तें सुदैव. बाजारांतून तयार आणलेल्या पॅकेजची नोंद संगणक स्वतः ठेवतो. आपण हातानें बसविलेल्या फायलींची नोंद तो ठेवीत नाहीं. त्या काढावयाच्या तर 'मेक अनइन्स्टॉल' ही आज्ञा, जर रचणारानें लिहून ठेवली असेल तर, त्याच आवृत्तीच्या त्याच फोल्डरांतून द्यावी लागते. आणि बहुतेक लोक काय करतात? सॉफ्टवेअर चालूं लागलें कीं जागा वांचविण्यासाठीं तो फोल्डरच प्रथम फेंकून देतात! म्हणजे अंगण झाडून स्वच्छ केलें, पण त्या झाडण्यांत घरभर ठेवलेल्या वस्तूंची यादीच केरांत गेली.

हें केवळ तर्कानें सांगत नाहीं. आमच्या सिल्लोड तालुक्यांतील एका शाळेंत एक तरुण शिक्षक आहेत. पहिलीच्या मुलांसाठीं अक्षरकार्डें व प्रश्नपत्रिका ते स्वतः संगणकावर तयार करतात. त्यांच्या संगणकावर 'ल' आणि 'श' हीं अक्षरें हिंदी वळणाचीं उमटत. मराठी मुलाच्या पाटीवर पाकळीचा ल आणि देठाचा श असतो. महाराष्ट्र शासनानेंहि २००९ सालीं मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढलेला आहे. पुस्तकांत एक वळण आणि कार्डावर दुसरें, अशानें सहा वर्षांचें मूल गोंधळून जातें, व तें गोंधळलें म्हणजे अक्षर चुकलें असें समजून आपण त्यालाच रागें भरतों. या शिक्षकांस तें सहन होईना. त्यांनीं 'लोहित देवनागरी' हा फॉन्ट निवडला. रेड हॅट या कंपनीनें मुक्त केलेल्या लोहित फॉन्टांची मूळ अक्षरें मॉड्युलर इन्फोटेक यांजकडून आलेलीं. २०११ सालीं ते फॉन्ट 'ओपन फॉन्ट लायसन्स' या परवान्याखालीं आले, आणि त्या परवान्यानें फॉन्टांत फेरफार करण्याची मुभा सर्वांस दिली आहे. फॉन्टाचीहि मूळ संहिता असते. अक्षरांच्या रेषा तींत आंकड्यांच्या रूपानें लिहिलेल्या असतात, आणि तिच्यापासून वापरण्याजोगी फाईल तयार करावी लागते. तें काम 'फॉन्टफोर्ज' या मुक्त सॉफ्टवेअरनें होतें. संगणकावरील फॉन्टफोर्ज फार जुनें म्हणून शिक्षकांनीं तेंहि संहितेपासून कंपाईल करून बसविलें. सरकारी अनुदान नाहीं, शिकविणारा कोणी नाहीं; रात्रीं वीज असेल तेव्हां बसावयाचें. असा उद्योग करणारास माझा तरी नमस्कार आहे.

फॉन्ट तयार झाला व सर्वांस मिळावा म्हणून त्यांनीं तो सामायिक कप्प्यांत ठेवला. कांहीं दिवसांनीं ल ची पाकळी अधिक मोकळी करावी असें वाटून त्यांनीं पुन्हां फॉन्ट बनविला, आणि या वेळीं तो स्वतःच्या खासगी कप्प्यांत बसविला. त्यांच्या लॉगिनवर नवा ल दिसे. मुलांच्या लॉगिनवर कार्डें छापलीं कीं जुनाच ल येई. छपाईयंत्रावर संशय गेला, शाई बदलली, केबल बदलली. कारण इतकेंच होतें कीं दोन्ही फायलींस आंतून एकच नांव होतें, आणि खासगी कप्प्यांतील नवी फाईल मुलांच्या लॉगिनला दिसतच नव्हती. 'एफसी-लिस्ट' ही आज्ञा दिल्याबरोबर एकाच नांवाच्या दोन फायली आपापल्या पत्त्यांसह समोर आल्या. नवी सामायिक कप्प्यांत आणून जुनी काढली, 'एफसी-कॅश' या आज्ञेनें संगणकाची फॉन्टांची याद ताजी केली, आणि तंटा मिटला.

फॉन्टफोर्जची गोष्ट इतक्यांत मिटली नाहीं. पुढें संगणकाची सबंध प्रणाली नवी केली, तिच्याबरोबर तयार फॉन्टफोर्जहि नवें आलें. पण नांव घेतलें कीं उभें राही तें जुनें, हातानें बसविलेलें, कारण 'लोकल' कप्प्याकडे संगणक आधीं पाहतो. आणि तें जुनें तरी चालावें? त्यास लागणारीं ग्रंथालयें प्रणालीबरोबर बदललीं होतीं, त्यामुळें तें एक तक्रार छापून बंद पडे. काढावें तर मूळ फोल्डर केव्हांच फेंकलेला.

येथें मला माझी जडसंग्रहाची नोंदवही आठवली. शाळेंतील मोडकें बांक सुद्धां मुख्याध्यापक आपल्या मनानें जाळूं शकत नाहीं. जडसंग्रहांत त्याची नोंद पाहावयाची, वस्तु नोंदीशीं ताडून पाहावयाची, निर्लेखनाचा प्रस्ताव करावयाचा, आणि मग ती जावयाची. या पद्धतीचा आम्ही नोकरींत असतांना पुष्कळ कंटाळा केला. परंतु संगणकाला नेमकी हीच वही हवी असते. 'सीमेक' नांवाचें एक साधन आहे. फॉन्टफोर्जनें २०२० सालापासून त्याचाच स्वीकार केला आहे. सीमेक अनइन्स्टॉलची सोय आपण होऊन देत नाहीं, मात्र कंपाईलच्या फोल्डरांत 'इन्स्टॉल मॅनिफेस्ट' नांवाची एक साधी यादी लिहून ठेवतें. कोणती फाईल कोठें ठेवली याचा ओळीनें पत्ता त्या यादींत असतो. हीच जडसंग्रहाची वही! आणि तीच त्या फोल्डराबरोबर गेली होती.

यावर इलाज आहे, जरा लांबचा. त्याच आवृत्तीची संहिता पुन्हां आणावयाची, तीच जुळणी करून कंपाईल करावयाची, आणि इन्स्टॉल करतांना 'डेस्टडिर' या सोयीनें खरा संगणक न दाखवितां एक रिकामा फोल्डर दाखवावयाचा. मग सगळ्या फायली त्या रिकाम्या फोल्डरांत, खऱ्या घरांतल्यासारख्याच कप्प्यांतून, मांडल्या जातात. घराचा हुबेहूब नकाशा हातीं येतो व यादी आपोआप तयार होते. शिक्षकांनीं तसें केलें. मग यादींतील एकेक नांव खऱ्या कप्प्याशीं ताडून पाहून तेवढ्याच फायली काढल्या. कप्पे काढले नाहींत, कारण त्यांत दुसऱ्यांच्याहि वस्तु राहतात. यादी तयार असली तरी ती एकदम पुसण्याच्या आज्ञेच्या हवालीं करूं नये. फाईलच्या नांवांत मोकळी जागा असली तर तिचे दोन तुकडे होऊन भलतीच फाईल जाण्याचा संभव असतो, आणि मराठींत नांवें देणारे आपण लोक अशी मोकळी जागा सर्रास सोडतों.

त्याच बैठकींत एक मोठा अनर्थ टळला तोहि सांगतों. शिक्षकांचें फॉन्टाचें काम 'गिट' या साधनाच्या नोंदींत होतें. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं रचलेलें हें साधन, फायलींचा सर्व पूर्वेतिहास राखतें. त्यांत 'गिट क्लीन' अशी एक आज्ञा आहे: जी फाईल नोंदींत नाहीं ती पुसावयाची. कंपाईलचा पसारा नोंदींत नसतो, तेव्हां तो झटकन् जातो, हें खरें. परंतु काल रात्रीं नव्यानें रेखाटलेली आणि अद्याप नोंदींत न घातलेली फाईलहि या आज्ञेच्या दृष्टीनें पसाराच! आणि ती पुसली तर गिटच्या इतिहासांत तिचा मागमूसहि नसतो. या आज्ञेस 'एन' हें अक्षर जोडलें तर ती कांहींच पुसत नाहीं. आपण काय पुसणार होतों तेवढें सांगते. मेकलाहि असेंच 'एन' जोडतां येतें. मी संगणकाचा जाणकार नव्हे, पण यादी वाचल्याशिवाय सही करावयाची नाहीं ही खोड हाडीं मुरलेली. म्हणून आधीं यादी छापून घ्या असें म्हणालों. बेचाळीस ओळींची यादी आली. एकेचाळीस ओळी पसाऱ्याच्या होत्या. एक ओळ जोडाक्षरांच्या फाईलची होती. क्त, क्ष, ज्ञ, श्र, तीन आठवड्यांचें काम. तें प्रथम नोंदींत गेलें, आणि मग पसारा पुसला.

पुढें ज्यांस हा उद्योग करावयाचा असेल त्यांस आणखी दोन गोष्टी सांगतों. कंपाईल करण्यासाठीं संहितेच्या शेजारीं एक स्वतंत्र रिकामा फोल्डर करावा. म्हणजे मधल्या फायली मूळ लिखाणांत मिसळत नाहींत, आणि काम झाल्यावर, आंतील यादी बाहेर काढून, तो फोल्डर बिनघोर फेंकतां येतो. इन्स्टॉल करतांना प्रत्येक सॉफ्टवेअरास स्वतःचें वेगळें घर द्यावें. ग्नूचें 'स्टो' नांवाचें साधन आहे. तें वस्तु त्या घरांतच ठेवून सामायिक कप्प्यांत फक्त तिचे दुवे लावतें, म्हणजे सोडवितांनाहि दुवे तेवढे काढले कीं झालें. 'चेकइन्स्टॉल' हें दुसरें साधन हातानें केलेल्या कामाचें पॅकेज बनवून त्याची नोंद संगणकाच्याच वहींत घालतें. कंपाईलसाठीं म्हणून जीं जादा पॅकेजें आणलीं तीं नंतर काढतांना मात्र संगणक जी यादी दाखवितो ती सबंध वाचावी. तींत कधीं कधीं आपल्या रोजच्या वापरांतलेंहि एखादें असतें.

आमच्या त्या शिक्षकांनीं आतां कोऱ्या शंभरपानीच्या वहींत रकाने आंखले आहेत: सॉफ्टवेअरचें नांव, आवृत्ति, बसविल्याची तारीख, कोणत्या कप्प्यांत, यादी कोठें ठेवली, व काढल्याची तारीख. पहिली नोंद फॉन्टफोर्जची आहे. शेवटच्या रकान्यांत निर्लेखनाची तारीख पडली आहे आणि तिच्याखालीं त्यांची सही आहे. मुख्याध्यापकांच्या सहीसाठीं जागा कशाला सोडली, असें मी विचारलें. तर म्हणाले, गुरुजी, संगणक शाळेचा आहे.